सड्यावरचा वळीव

दादाने ऑनलाइन टेंट मागवला तो मार्चमध्ये. दोन महिने तो टेंट त्याच्या बेळगावच्या घरी हॉलमध्येच उभा होता. भाची त्यात बसून जेवायची, अभ्यास करायची, एकदा तर रुसून त्यातच झोपली. शेवटी वहिनी म्हणाली, "एक तर हा टेंट बाहेर न्या, नाहीतर मला बाहेर न्या." म्हणून मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात आमचा बेत ठरला. शुक्रवारी दुपारी निघायचं, चंदगड तालुक्यात एक रात्र सड्यावर काढायची, दुसरा दिवस आंबोलीत, आणि तिथून खाली वेंगुर्ल्याला समुद्र बघून रविवारी रात्री परत. दोन गाड्या, सहा माणसं. दादा (माझा मावसभाऊ), वहिनी, त्यांची आठ वर्षांची लेक, मी, माझी धाकटी बहीण आणि आमचे मामा.

मामा येणार हे ऐकून आम्ही तरुण मंडळी जरा हिरमुसलो होतो, हे आधीच सांगते. मामा वीज खात्यात अठ्ठावीस वर्षं लाइनमन होते. आता निवृत्त आहेत. कुठेही गेलं की खांब, तारा, अर्थिंग बघत बसतात. कॅम्पिंगला मामा म्हणजे काय मजा येणार, असं आम्हाला वाटलं होतं.

निघायच्या दिवशी सकाळी हवामान खात्याचा इशारा आला होता. मेघगर्जनेसह पाऊस, सोसाट्याचा वारा, यलो अलर्ट. दादाने मोबाइल माझ्यासमोर धरला. "यलोच आहे की. रेड असता तर गोष्ट वेगळी."

यलो म्हणजे थोडा पाऊस आणि रेड म्हणजे जास्त पाऊस, असा आपल्या बहुतेकांचा समज असतो. माझाही होता. प्रत्यक्षात हे रंग, काय होऊ शकतं आणि त्यासाठी तुम्ही काय करायचं हे सांगतात. हिरवा म्हणजे चिंता नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा आणि पुढची माहिती घेत राहा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे आता हालचाल करा. शिवाय हा रंग अख्ख्या जिल्ह्याला एकच असतो. जिल्ह्यात घरात बसलेली आजीही आली आणि सड्यावर कापडाखाली झोपणारे आम्हीही आलो. आजीला पिवळा पिवळाच, पण आम्हाला तो नारिंगीच धरायला हवा होता.

दुपारी दोनला निघालो. हिंडलगा, शिनोळी, पाटणे फाटा. ऊन असं की गाडीच्या दाराला हात लावला तर चटका बसावा. पाटणे फाट्याला चहा घेतला, भडंग घेतलं, आणि तिथून पुढे मोबाइलची रेंज जी गेली ती दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आली नाही. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने, म्हणजे आयआयटीएमने, 'दामिनी' नावाचं ॲप काढलंय. तुमच्या आसपास वीज कुठे पडते आहे ते ते दाखवतं आणि धोका असेल तर सांगतं. ते माझ्या मोबाइलवर होतं. पण रेंज नसलेल्या सड्यावर त्याचा उपयोग कॅलेंडरइतकाच. हवामान खात्याचा पुढच्या तीन तासांचा अंदाजही असतो. तो बघायची शेवटची जागा पाटणे फाटा होती, आणि तिथे आम्ही सेल्फी काढत होतो.

चंदगडच्या पुढे तिलारीच्या बाजूला दादाच्या ओळखीच्या एका शेतकरी काकांची काजूची बाग आहे. बागेला लागून सडा. जांभ्याचा उघडा माळ, मधे एकच मोठं झाड, आणि पश्चिमेच्या कडेला उभं राहिलं की खाली कोकणातलं रान. याच बाजूला पारगड आहे. शिवकालापासून वस्ती असलेला हा गड, जिथे तानाजी मालुसऱ्यांचे वंशज आजही राहतात. आदल्या वर्षी आम्ही तिथे गेलो होतो आणि तेव्हाच दादाच्या मनात हा सडा भरला होता.

काका आमच्याबरोबर सड्यापर्यंत आले. त्यांनी आधी झाडाकडे बघितलं, मग उगवतीकडे.

"इथं नको बाळा. घराच्या पडवीला जागा आहे. खळ्यात टेंट लावा हवा तर."

"काका, पडवीत झोपायचं तर बेळगावातच झोपलो असतो की," दादा हसत म्हणाला.

"वळीव येईल सांजच्याला. उगवतीला बघ."

पूर्वेला क्षितिजावर पांढरा ढग होता. कापसाच्या गंजीसारखा, वर चढत चाललेला. आम्हाला तो फोटोला छान वाटला. काका काही बोलले नाहीत, गेले. मामांनी मात्र गाड्या कुठे लावल्यात ते बघितलं आणि दोन्ही गाड्या झाडापासून लांब, रस्त्याच्या तोंडाला, तोंड बाहेर करून लावायला लावल्या. तेव्हा आम्हाला ती मामांची नेहमीची किरकिर वाटली.

टेंट झाडाखालीच लावला. सावली होती ना! जांभ्यात खुंट्या शिरेनात. दोन वाकल्या, एक दगडावर आपटून उडाली. शेवटी दादाने दोऱ्या दगडांना बांधल्या. दोन टेंट उभे राहिले, मॅट पसरल्या, भाचीने आपली बाहुली आत झोपवली. साडेपाचला चहा झाला. सहाला सूर्य खाली जात होता तेव्हा मागे वळून बघितलं, तर तो कापूस आता काळानिळा झाला होता आणि वरून ऐरणीसारखा सपाट पसरत आमच्या डोक्यापर्यंत आला होता.

वळवाचं गणित आपल्या भागातल्या जुन्या लोकांना तोंडपाठ असतं. आमची आजी म्हणायची, सकाळपासून घामाने भिजवतो तो दिवस संध्याकाळी पावसाने भिजवतो. त्यामागचं कारण असं की, मे महिन्यात जमीन तापते, तिच्यावरची दमट हवा हलकी होऊन वर चढते, वर थंडावते, तिच्यातली वाफ पाणी होते आणि त्यात सुटणाऱ्या उष्णतेने ती आणखी वर ढकलली जाते. अशाने दहा-बारा किलोमीटर उंचीचा ढग दोन-तीन तासांत उभा राहतो. वर पोचल्यावर तो आडवा पसरतो, ती ऐरण. गोव्यातल्या किंवा वडोदऱ्यातल्या वाचकांना मे महिन्यातलं वादळ म्हटलं की २०२१चं तौक्ते आठवेल. पण तशा चक्रीवादळाची सूचना काही दिवस आधी मिळते. वळीव दुपारी नसतो आणि संध्याकाळी डोक्यावर असतो.

सातच्या सुमारास पहिला गडगडाट ऐकू आला, लांबून, कुणीतरी माळ्यावर पाट ओढावा तसा. मामा म्हणाले, "चला, गाडीत."

दादा म्हणाला, "मामा, अजून थेंबही नाही."

आमची चूक इथेच झाली. पाऊस यायच्या आधी वीज येते. ढगापासून दहा किलोमीटर लांब, जिथे वर तारे दिसत असतात, तिथेही ती पडू शकते. गडगडाट ऐकू आला याचा अर्थच आपण तिच्या टप्प्यात आलो. मामांनी भाचीला मोजायला शिकवलं. वीज चमकली की मोजायला लागायचं, आवाज आला की थांबायचं, आलेल्या आकड्याला तिनाने भागायचं. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणून तीन सेकंदांना एक किलोमीटर. भाचीने पहिल्यांदा बारा मोजले. म्हणजे चार किलोमीटर. तिला फार मजा वाटली. तीसच्या आत आकडा आला की आडोसा गाठायचा असा नियम आहे, आणि आम्ही बाराला टाळ्या वाजवत होतो!

मग एकदम गार वारा आला. ओल्या मातीचा वास घेऊन, समोरून, जणू कुणी फ्रिजचं दार उघडलं. दिवसभराच्या उकाड्यानंतर आम्ही सगळ्यांनी "आहा" केलं. तो वारा म्हणजे ढगातून पावसाबरोबर खाली आदळलेली थंड हवा, पुढे पसरत आलेली. वादळ दारात आल्याची ती खूण. मिनिटाभरात टेंट फुग्यासारखा एका बाजूला झुकला. बहीण आत शिरून कापड धरून बसली. दादा बाहेरून काठ्या धरून उभा. वहिनी सामान गोळा करतेय. मी टॉर्च शोधतेय. टपोरे थेंब, मग गारा, लिंबाएवढ्या नव्हत्या पण डोक्यावर बसली की कळत होती.

"पाच!" भाची ओरडली. "मामा-आजोबा, पाचच झाले!"

मामांचा आवाज मी आयुष्यात एवढा चढलेला ऐकला नव्हता. "सोडा ते कापड! गाडीत चला म्हणतो ना!"

"टेंट जाईल मामा, चौदा हजारांचा आहे!"

"जाऊ दे!"

दादा सोडेना. मग मामा स्वतः त्याच्यापर्यंत गेले आणि त्याच्या दंडाला धरून ओढलं. साठीच्या पुढचा माणूस, गारांचा मार खात. बहिणीला मी बाहेर काढलं. गाड्या साठ-सत्तर पावलांवर होत्या. मामा सांगत होते, एकमेकांचे हात धरू नका, लांब लांब चला. तेव्हा ते विचित्र वाटलं. संकटात माणूस हात धरतो. वहिनीने लेकीला मात्र उचलून घेतलं, आणि मामा तिला काही बोलले नाहीत.

त्या साठ-सत्तर पावलांत दोनदा वीज चमकली. दुसऱ्या वेळी उजेड आणि आवाज यांच्यात मोजायला जागाच नव्हती. सगळा सडा पांढरा झाला, प्रत्येक दगड वेगळा दिसला, आणि कानात नुसती शिट्टी. मी गाडीत कशी शिरले ते मला आठवत नाही.

दारं लावली, काचा वर घेतल्या. मामा म्हणाले, "हात मांडीवर. दाराला, स्टिअरिंगला, रेडिओला हात लावू नका. चार्जरची वायर काढा." भाची थरथरत होती. तिने विचारलं, "गाडीवर वीज पडली तर?" बहीण म्हणाली, "टायर रबरी असतात, काही होत नाही." मामांमधला लाइनमन त्याही अवस्थेत जागा झाला. "जी वीज आकाशातून किलोमीटरभर हवा फोडून येते, तिला तुझं चार बोटं रबर अडवणार होय? रबराने नाही वाचवत. पत्र्याने वाचवते. वीज बाहेरच्या पत्र्यावरून वाहून जमिनीत जाते, आतल्याला सोडते." म्हणून कापडी टपाची जीप किंवा उघडी गाडी याला चालत नाही. आणि टेंट तर नाहीच. टेंट म्हणजे विजेच्या दृष्टीने उघड्यावर बसणंच.

अर्धा-पाऊण तास आम्ही तसे बसून होतो. बोलायला काहीच नव्हतं, म्हणून मामा बोलत होते. थेट अंगावर वीज पडून दगावणारे थोडे. झाडावर पडलेली वीज शेजारच्या माणसाकडे उडी घेते, किंवा जमिनीतून पसरत पायातून चढते, त्याने जास्त जातात. झाडाखाली उभी गुरं एकदम चार-पाच मरतात ती यामुळे. पुढचे पाय आणि मागचे पाय यांत अंतर जास्त, म्हणून त्यांच्या अंगातून प्रवाह जास्त जातो. माणूस अगदीच उघड्यावर सापडला आणि कुठे जायलाच नसेल, तर पाय जुळवून, उकिडवं, डोकं खाली घालून बसावं. आडवं पडू नये. पण हा शेवटचा उपाय, त्याने वाचेलच असं नाही. आणि कुणाला विजेचा धक्का बसला तर त्याला हात लावायला घाबरू नये, त्याच्या अंगात वीज साठून राहत नाही. श्वास, नाडी नसेल तर लगेच छाती दाबायला घ्यायचं आणि ११२ किंवा १०८ला फोन. "तारेला चिकटलेल्याला मात्र हात लावायचा नाही हां," ते पुढे म्हणाले. "त्याच्यात आणि ह्याच्यात फरक आहे. आमच्यातला एक जण गेला होता तसा. सोडवायला जाऊन." हे त्यांनी आम्हाला आधी कधी सांगितलं नव्हतं. नाव सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही.

शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबायचं, असं मामांचं फर्मान होतं. हा नियमही खरा आहे. वादळ सरलं म्हणून बाहेर पडणाऱ्यांना मागाहून येणारी वीज गाठते. दहाच्या सुमारास आम्ही गाड्या सुरू केल्या आणि काकांच्या घरापर्यंत आलो. काका कंदील घेऊन पडवीतच उभे होते. "सांगितलं होतं" असं ते एका शब्दाने म्हणाले नाहीत. काकूंनी भाचीचे कपडे बदलले, आम्हा सगळ्यांना आमटी-भात आणि कोरडा टॉवेल दिला. दादा जेवला नाही. पडवीच्या कडेला बसून राहिला. वहिनी त्याच्याजवळ जाऊन बसली, बराच वेळ.

सकाळी सहालाच आम्ही सड्यावर गेलो. एक टेंट बागेच्या कुंपणात करवंदीच्या जाळीवर अडकलेला, मधोमध फाटलेला. दुसरा होता तिथेच होता, कारण तो उडूच शकत नव्हता. झाडाची एक वाळकी फांदी, मांडीएवढी जाड, बरोबर त्याच्यावर पडली होती. जिथे बहीण कापड धरून बसली होती, तिथे. झाडावर वीज पडल्याची खूण कुठे नव्हती. नुसती वाऱ्याने मोडलेली फांदी. टेंट लावताना आम्ही सगळ्यांनी वर बघितलं होतं, पानांतून उजेड कसा छान येतोय ते बघायला. वाळकी फांदी कुणालाच दिसली नव्हती.

बाहुली सापडली. ओली होती, पण धड होती.

परत आलो तर मामा आणि काका गोठ्याकडे उभे. रात्री गोठ्याचे चार पत्रे उडाले होते. दोन मिळाले, एक वाकून काजूच्या झाडात, एक कुठेच नाही. आंबा निम्मा खाली पडलेला. आम्ही ज्याला रात्रभर 'आपलं वादळ' समजत होतो, ते त्यांचंही होतं, आणि त्यांना गाडीत बसून निघून जायची सोय नव्हती. आंबोली बाजूला राहिली. मामा वर चढले, दादा खालून पत्रे देत होता, मी आणि बहीण आंबे वेचत होतो. दादाने टेंटची ताडपत्री उरलेल्या जागेवर बांधली. तेवढ्याच कामाला ती आली, असं तो म्हणाला आणि रात्रीनंतर पहिल्यांदा हसला.

अकराला निघालो. दोन किलोमीटरवर ओढ्याचा फरशी पूल. काल येताना तो ओढा कोरडा होता, आज फरशीवरून लाल पाणी वाहत होतं. एक मोटरसायकलवाला आमच्यासमोर पाय टेकत पलीकडे गेला. दादाने गाडी गिअरमध्ये टाकली, मग स्वतःच बंद केली आणि खाली उतरला. मामा काही बोलायच्या आधीच. वाहतं पाणी घोट्याच्या वर, अर्ध्या फुटापर्यंत आलं तरी उभ्या माणसाचे पाय उचलू शकतं. फूटभर पाण्यात लहान गाड्या तरंगायला लागतात, दोन फुटांत मोठी गाडीही वाहून जाते. आणि गढूळ पाण्याखाली फरशी आहे की वाहून गेली, हे वरून कळत नाही. दादाने काठावर एक दगड ठेवला, पाणी जिथपर्यंत होतं तिथे. दर दहा मिनिटांनी जाऊन बघायचा. सव्वा तासात दगड पाण्यापासून चांगला हातभर वर राहिला. फरशीच्या कडा दिसायला लागल्या तेव्हा आम्ही निघालो. वळवाच्या पाण्याचं एक बरं असतं, ते आलं तसं जातं.

वेंगुर्ला अर्थातच झालं नाही. पाटणे फाट्याला रेंज आली, आणि एकदम सगळ्यांचे मोबाइल वाजायला लागले. आईचे एकोणीस मिस्ड कॉल. बेळगावातही आदल्या रात्री झाडं पडली होती, लाइट गेली होती, आणि आम्ही नक्की कुठे आहोत हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. काकांच्या गावाचं नावसुद्धा आम्ही कुणाला सांगून निघालो नव्हतो. आईने आधी दादाला, मग मला, आणि शेवटी, अन्याय म्हणजे, मामांनाही सुनावलं. मामांनी ऐकून घेतलं.

फाटलेला टेंट दादाच्या गच्चीवर दोन दिवस वाळत होता. एका शिंप्याने तो शिवून दिला आहे, शिवण जरा वाकडी आहे. ऑक्टोबरात, पाऊस सरल्यावर, पुन्हा जायचं ठरलंय. काकांना फोन झाला. गोठ्यासाठी दोन पत्रे आम्ही गाडीच्या टपावर बांधून नेणार आहोत, आणि टेंट खळ्यात लागणार आहे, पडवीपासून वीस पावलांवर. मामांना कुणी वेगळं निमंत्रण दिलेलं नाही. त्यांनी आपली बॅग कुठली आणायची हे मात्र विचारलं आहे.